ऑफिसही तीच, पाचशे किलोमीटरही तीच : मोटरसायकलविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच पेचाची आहेत: गाडी एकच घ्यायची, तिनंच रोजचं ऑफिस करायचं आणि सुट्टीत तिनंच लांबचा पल्ला मारायचा. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलेली पत्रं थोडी आवरली आहेत.

प्रश्न : रोज गर्दीतून जाऊन-येऊन ३० किलोमीटर होतात. वर्षातून चार-पाच वेळा दिवसाला चारशे-पाचशे किलोमीटरचा प्रवास, बहुतेक वेळा एकट्यानेच. ३५० सीसीची शांत सिंगल (एका सिलिंडरची), ४०० सीसीची चपळ सिंगल की ६५० ची ट्विन (दोन सिलिंडरची), यात अडकलो आहे.

उत्तर : किलोमीटर मोजू नका, तास मोजा. रोजचे ३० किलोमीटर आणि वर्षाचे २५० दिवस, म्हणजे ७,५०० किलोमीटर. पाच प्रवास प्रत्येकी हजाराचे धरले तर ५,०००. दोन्ही पारडी तशी जवळपास वाटतात. पण गर्दीत सरासरी वेग ताशी २० पडला आणि मोकळ्या रस्त्यावर थांबे धरून ६०, तर गर्दीचे होतात ३७५ तास आणि प्रवासाचे ८३. म्हणजे ही गाडी आयुष्याचा मोठा भाग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर काढणार आहे. ३७५ तासांसाठी गाडी निवडा आणि ८३ तासांना ती पुरते का एवढंच तपासा. बहुतेकजण नेमकं उलट करतात.

सीट, काच, हँडल, टायर, सामानाचे स्टँड हे सगळं नंतर बदलता येतं. वजन, इंजिनचा स्वभाव आणि पायाला लागणारी उष्णता मात्र गाडीबरोबर येते ती कायमची. शोरूममध्ये नजर जाते ती बदलता येणाऱ्या गोष्टींवर, कारण त्याच चमकत असतात.

इंजिनचा स्वभाव माहितीपत्रकातून कळतो, फक्त आकडा योग्य बघायला हवा. कमाल ताकदीपेक्षा टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) किती आणि तो किती आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळतो ते वाचा. होंडा सीबी३५० चा सिलिंडर ७० मिलिमीटर व्यासाचा आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ९०.५ मिलिमीटरचा आहे. ३० न्यूटन-मीटर टॉर्क ३,००० आरपीएमलाच मिळतो. टॉर्कला आरपीएमने गुणून ९,५४९ ने भागलं की किलोवॅट येतात. इथे येतात ९.४. या इंजिनची कमाल ताकद साधारण साडेपंधरा किलोवॅट आहे, म्हणजे साठ टक्के ताकद ३,००० ला हजर. दुसऱ्या टोकाला ३९९ सीसीची केटीएम ३९० ड्यूक: व्यास ८९, स्ट्रोक ६४, टॉर्क ३९ न्यूटन-मीटर, पण तो ६,५०० आरपीएमला. पहिली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी २५ ने रिक्षाच्या मागे निवांत चालत राहते. दुसरी त्याच वेगाला चेन खडखडवून गिअर खाली टाकायला सांगते.

मोकळ्या रस्त्यावर हिशोब फिरतो. स्ट्रोकची दुप्पट, गुणिले आरपीएम, भागिले ६० हा पिस्टनचा सरासरी वेग. ५,५०० आरपीएमला ९०.५ मिलिमीटर स्ट्रोकचा पिस्टन सेकंदाला १६.६ मीटर धावतो, ६४ चा ११.७. एकाच आरपीएमला एक इंजिन धापा टाकतं आणि दुसरं गप्पा मारतं ते यामुळे. त्यात वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. ताशी ८० वरून १०० वर गेलात की वारा कापायला जवळपास दुप्पट ताकद लागते. २० हॉर्सपॉवरची गाडी, म्हणजे ३५० ची सिंगल, ८५-९० ला दिवसभर खुशीत चालते. १०५ ला, समोरून वारा आणि चढ असेल, तर ओव्हरटेक करताना हाताशी काही उरत नाही.

६५० ट्विनमध्ये हा त्रास नाही. रॉयल एन्फील्डचं ६४८ सीसी इंजिन सुमारे ५२ न्यूटन-मीटर देतं, दोघं आणि सामान घेऊनही त्याला घाम फुटत नाही. पण टाकी भरली की अशा गाडीचं वजन दोनशे किलोच्या बरंच वर जातं. ते रोज पार्किंगमधून मागे ढकलत काढायचं, त्यातही जमीन उताराची असेल तर महिन्याभरात हौस फिटते. एकट्याच्या पाच प्रवासांसाठी हे ओझं घेऊ नये, असं आमचं मत.

तुमच्या नेहमीच्या लांबच्या रस्त्यांवर वाहतूक ८०-९० ने चालत असेल तर ३५० घ्या. पाचशे किलोमीटरला ८५ चा वेग आणि १०० चा वेग यांत ५३ मिनिटांचा फरक पडतो, आणि तो थांबे लांबवले की एरवीही पडतोच. रस्ते सलग १००-११० चे असतील तर सहा गिअरची ४०० ची सिंगल. मात्र तिची टेस्ट राइड मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. भर गर्दीत वीस मिनिटं चालवा, रेडिएटरचा पंखा सुरू होऊ द्या आणि गरम हवा पोटरीवर येते की मांडीवर की बाहेर जाते ते बघा. त्याच वेळी डाव्या हाताच्या मनगटाकडे लक्ष असू द्या. स्लिप-असिस्ट क्लच असेल तर लिव्हर बरीच हलकी लागते. ३७५ तासांत ती लिव्हर किती वेळा दाबली जाणार, त्याचा अंदाज तुम्हालाच जास्त.

प्रश्न : माझी उंची १६० सेंटिमीटर आहे. मला आवडलेल्या गाडीची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे. लोअरिंग लिंक (मागच्या सस्पेन्शनचा बदली दुवा) टाकून गाडी खाली आणता येईल असं एकाने सांगितलं. टाकावी का?

उत्तर : सर्वांत आधी नाही, सर्वांत शेवटी.

उंचीपेक्षा पायाची आतली लांबी महत्त्वाची. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभ्या राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये घट्ट वर सरकवा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. बूट घातल्यावर यात २५-३० मिलिमीटरची भर पडते. शिवाय गाडीवर बसल्यावर सस्पेन्शन स्वाराच्या वजनाने साधारण तेवढंच दबतं, त्यामुळे छापील ८२५ प्रत्यक्षात आठशेच्या आसपास येतं. सीटची रुंदीही बघा. पुढे निमुळती असलेली ८२५ ची सीट, फुगीर ७९५ च्या सीटपेक्षा जमिनीच्या जवळ वाटू शकते, कारण मांड्या फाकत नाहीत.

दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असा नियम नाही. डावा पाय पूर्ण टेकतो आणि उजवा फूटरेस्टवर, मागच्या ब्रेकवर राहतो, एवढं जमलं तर सिग्नलला पुरतं. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे थांबताना नेहमी उंच बाजूला पाय टेकायची सवय लावा.

तरीही कमी पडत असेल तर सीटच्या पुढच्या भागातला फोम दोन्ही कडांनी १५-२० मिलिमीटर कमी करून घ्या. मधला भाग तसाच राहू द्या, नाहीतर तासाभरात तळाचा पत्रा टोचायला लागतो. लोअरिंग लिंकने मागची बाजू खाली येते, पण त्याबरोबर फोर्कही (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्या) क्लॅम्पमध्ये तितकेच वर सरकवावे लागतात. एकच बाजू बदलली तर हँडल जड होतं. साइड स्टँडही लांब पडतो. गाडी त्यावर जवळजवळ सरळ उभी राहते आणि जराशा धक्क्याने उजवीकडे कलंडते, म्हणून स्टँड कापून जोडावा लागतो. आणि मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) सैल करून गाडी खाली आणण्याचा उपाय कोणी सुचवला तर त्याला हात जोडा. पहिल्याच खड्ड्यात शॉक तळाला आपटेल.

प्रश्न : ताशी ९५ च्या पुढे हँडलला इतकी थरथर येते की अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. मेकॅनिक म्हणतो पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दाताने मोठं टाकू. उपयोग होईल?

उत्तर : आधी थरथर कुठून येते ते शोधा. मोकळ्या रस्त्यावर ९५ ला आरपीएमचा आकडा लक्षात ठेवा. मग एक गिअर खाली टाकून तोच आरपीएम आणा. वेग कमी असूनही थरथर तशीच असेल तर ती इंजिनची. पुन्हा ९५ ला जाऊन क्षणभर क्लच दाबा. आरपीएम खाली गेला तरी थरथर राहिली तर चाक, टायर किंवा बेअरिंग बघा. तिथे स्प्रॉकेट बदलून काही होणार नाही.

इंजिनची असेल तर इंजिन फ्रेमला धरणारे बोल्ट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरालाच आवळणारा पाना) तपासून घ्या. हँडलच्या टोकाची वजनं जागेवर आहेत ना ते बघा. आरसे किंवा ग्रिप बदलताना ती काढून टाकली जातात आणि परत लावायचं राहतं. चेन फार ताणलेली असेल तरी थरथर वाढते.

हे सगळं ठीक असूनही त्रास राहिला तर स्प्रॉकेटचा विचार करा. १४ दातांच्या जागी १५ टाकले की त्याच वेगाला आरपीएम सुमारे ७ टक्क्यांनी उतरतो, ५,५०० चे ५,१३० होतात. थरथरीचा पट्टा थोडा पुढे सरकतो, नाहीसा होत नाही. किंमत गर्दीत मोजावी लागते: पहिला गिअर लांब होतो, हाफ क्लच वाढतो आणि चढावर दोघं असताना गाडी उचलायला जड जाते. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असेल तर काटा खऱ्यापेक्षा ७ टक्के कमी दाखवायला लागेल. सेन्सर चाकावर असेल तर फरक पडत नाही. १५ चं स्प्रॉकेट कव्हरच्या आत बसतं का आणि चेन कव्हरला घासत नाही ना, हे इंजिन सुरू करण्याआधी चाक हाताने फिरवून बघा.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको आठ दिवसांच्या प्रवासाला निघणार आहोत. वजन ७८ आणि ६२ किलो. दोन बाजूच्या बॅगा आणि मागे टॉप बॉक्स लावायचा विचार आहे. किती सामान घेता येईल?

उत्तर : तुमच्या अंदाजापेक्षा कमी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये कमाल एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून गाडीचं पूर्ण टाकीसकटचं वजन वजा करा. समजा कमाल ३६० आणि गाडी १९५ किलो, तर उरतात १६५. तुम्हा दोघांचे १४०. हेल्मेट, जॅकेट, बूट दोघांचे मिळून सहज १२. आता १३ किलो शिल्लक, आणि त्यात बॅगांचे स्टँड आणि रिकामा बॉक्स यांचंही वजन आलं. लोखंडी स्टँड आणि ४५ लिटरचा बॉक्स एवढ्यानेच ही शिल्लक जवळजवळ संपते. ॲल्युमिनियमचे डबे दिसायला रुबाबदार असतात, पण या गणितात कापडी बॅगा जिंकतात.

टॉप बॉक्सबद्दल जरा सविस्तर. त्याच्या झाकणाच्या आत कमाल वजनाचा स्टिकर असतो, आकडा बहुधा एक अंकी किलोंचा. बॉक्स मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकतो, त्यामुळे त्यातला प्रत्येक किलो मागचं चाक टेकू धरून पुढचं चाक उचलतो. पुढचं चाक हलकं झालं की ९० च्या पुढे हँडल हळूहळू डावी-उजवीकडे डुलायला लागतं. तसं झालं तर ब्रेक मारू नका, हँडल आवळूनही धरू नका. पुढे झुका, थ्रॉटल हलकेच कमी करा. मग थांबून बॉक्समधली जड वस्तू खाली आणा. हत्यारं, पाण्याच्या बाटल्या, सुटे भाग बाजूच्या बॅगांच्या तळाशी, मागे बसणाऱ्याच्या पायाजवळ. बॉक्समध्ये रेनकोट आणि कपडे. दोन्ही बाजूंच्या बॅगा स्प्रिंगच्या काट्यावर तोलून घ्या, हाताचा अंदाज फसवतो.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी करा. मागच्या शॉकचा प्रीलोड हुक पान्याने वाढवा. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, वजनाने बसलेली मागची बाजू फक्त पुन्हा वर येते. टायरमध्ये दोघांसाठी लिहिलेली हवा भरा, ती स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) किंवा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर असते, आणि सकाळी गार टायरमध्येच मोजा. तासभर चालवल्यावर दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसेल, तो काढून टाकायचा नसतो. शेवटी अंधारात भिंतीसमोर पूर्ण वजनानिशी गाडी उभी करून हेडलाइट खाली घ्या, नाहीतर रात्रभर समोरचे तुम्हाला डिपर मारत राहतील.

टायर बदलणार असाल तर बाजूवरचा सांकेतिक आकडाही वाचा. '१४०/७०-१७ ६६एच' मधला ६६ म्हणजे त्या टायरची क्षमता ३०० किलो, ६२ असेल तर २६५. एच म्हणजे ताशी २१० पर्यंत चालेल, पी म्हणजे १५०. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा खालचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. चार आकड्यांचा उत्पादन शिक्काही तपासा: ३४२३ म्हणजे २०२३ सालचा ३४ वा आठवडा.

प्रश्न : आऱ्यांची चाकं की अलॉय? पुढचं चाक १७, १९ की २१ इंचाचं?

उत्तर : डांबरी रस्ता आणि अधूनमधून खड्डे असतील तर अलॉय, ट्यूबलेस, पुढे १७ किंवा १९. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा गेला तर तो बाहेर काढायचा, भोक कानशीने खरवडायचं, चिकट दोरा दुमडून आत ढकलायचा, हवा भरायची. चाक खोलायचं नाही, दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा रस्त्यावर. ट्यूबच्या चाकाला ॲक्सल सोडवा, बीड (टायरची रिममध्ये बसलेली कड) सुटी करा, लिव्हरने टायर उतरवा, ट्यूब बदला, आणि घाईत नव्या ट्यूबलाच लिव्हरने चिमटा बसतो. शिवाय ट्यूब फुटली की हवा एकदम जाते. ट्यूबलेसमधून ती बहुधा हळूहळू जाते, सावध व्हायला वेळ मिळतो.

आऱ्यांची चाकं दगडधोंड्यांच्या वाटेवर खरी. अलॉय तिथे तडकू शकतं, आऱ्यांची रिम वाकते आणि पुन्हा सरळ करता येते. आरे रिमच्या कडेला बसवलेली ट्यूबलेस रिमही मिळते, महाग असते. २१ इंची चाक खडकावरून सहज चढतं, पण गर्दीत वळायला आळशी असतं आणि त्याचा टायर अरुंद असल्याने ओल्या डांबरावर ब्रेकिंगला हात राखूनच वागावं लागतं. गाडी साहसी दिसते म्हणून २१ घेऊ नका.

प्रश्न : दोन २० वॅटचे दिवे, मोबाइल चार्जर आणि गरम ग्रिप बसवल्या. लांबच्या प्रवासात सगळं छान, पण ऑफिसच्या आठवड्यात दोनदा सेल्फ उचलला नाही. बॅटरी नवी आहे.

उत्तर : बॅटरी निर्दोष आहे, गर्दी दोषी आहे. दिवे ४०, चार्जर १५-१८, ग्रिप ३५ च्या आसपास, म्हणजे एकूण नव्वद-पंचाण्णव वॅट, साधारण ७ अँपिअर. अल्टरनेटर (इंजिनवर चालणारं वीजजनित्र) पूर्ण वीज देतो ती ४,०००-५,००० आरपीएमला. आयडलिंगला फार कमी. त्यात सिग्नलला रेडिएटरचा पंखा फिरतो. मग फरकाची वीज बॅटरीतून जाते आणि ८ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत रिकामी होत येते.

मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलला लावून बघा. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्ट किंवा जास्त हवेत. आयडलिंगला, सगळं सुरू ठेवून, आकडा १२.८ च्या खाली घसरत चालला तर बॅटरी खर्ची पडते आहे. ४,५०० आरपीएमला १३.८ ते १४.५ हवेत. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय, तो आधी बदला, नाहीतर बॅटरी उकळेल. बाकी उपाय साधा: दिवे आणि ग्रिप गर्दीत बंद. जोडणी इग्निशनवर चालणाऱ्या रिलेमधून हवी, म्हणजे किल्ली काढली की सगळं मरतं. दिव्यांना ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो, तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच लावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून २० चा टाकला तर पुढच्या वेळी वायर जळेल.

प्रश्न : चेन किती ढिली ठेवावी? प्रत्येक गॅरेजवाला वेगळं सांगतो.

उत्तर : आकडा मॅन्युअलमधला. सर्वसाधारण रस्त्याच्या गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटर, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना ४० किंवा त्याहून जास्त. पण मोजण्याची पद्धत चुकली तर बरोबर आकडाही चुकीचा.

इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, मॅन्युअलने सांगितल्याप्रमाणे साइड किंवा सेंटर स्टँडवर. चेनच्या खालच्या बाजूचा मध्य शोधा आणि तिथे पट्टी उभी धरा. बोटाने चेन खाली ओढा, आकडा वाचा, वर ढकला, पुन्हा वाचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ढिलाई. चाक थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा आणि सर्वांत ताणलेली जागा धरून चाला. कुठे १५ आणि कुठे ३५ असा फरक आला तर चेन असमान ताणली गेली आहे, समायोजन करून फायदा नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने बाहेर ओढूनही बघा. अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला.

ढिलाई बदलायला ॲक्सलचा नट सैल करा आणि दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर पाव-पाव फेरा सारखेच फिरवा. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसून टायर एका अंगाने झिजेल. मग चाक पुढे ढकलून धरा आणि नट टॉर्क पान्याने आवळा. आता पुन्हा मोजा. नट आवळताना चेन बहुतेकदा दोन-तीन मिलिमीटर ताणली जाते, आणि 'काल तर बरोबर होती' ही तक्रार इथूनच सुरू होते.

जास्त ढिली चेन आवाज करते, फार झाली तर उतरते. पण जास्त ताणलेली अधिक घातक. मागचं सस्पेन्शन दबलं की पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि ॲक्सल एका रेषेत येतात आणि चेनला सर्वांत जास्त लांबी लागते. तिथे ढिलाई उरली नसेल तर दोघं बसल्यावर प्रत्येक गतिरोधकाचा झटका गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो. म्हणून शंका असेल तर पाच मिलिमीटर ढिली चालेल.

केरोसीन आणि मऊ ब्रशने धुवा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश ओ-रिंग (चेनच्या सांध्यांतल्या रबरी कड्या) खातात. वंगण ४००-५०० किलोमीटरला, गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने. चाक हाताने फिरवायचं. इंजिन सुरू ठेवून कपड्याने चेन पुसणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये जातात, हा अपघात नवा नाही.

प्रश्न : उंच काच लावल्यापासून छातीवरचा वारा थांबला, पण हेल्मेटमध्ये ढोल वाजतो.

उत्तर : काचेच्या वरच्या कडेवरून तुटलेला वारा नेमका हेल्मेटवर आदळतोय. चालत्या गाडीवर पाच-सहा सेंटिमीटर वाकून बघा, मग पाठ ताणून उंच होऊन बघा. वाकल्यावर आवाज कमी झाला तर काच आणखी उंच हवी, उंच झाल्यावर कमी झाला तर ठेंगणी. अनेकांना ठेंगणीच लागते. काचेच्या खाली २०-३० मिलिमीटरची फट ठेवली तर मागे पोकळी तयार होत नाही आणि हेल्मेटचे हिसके बरेच कमी होतात. लांबच्या प्रवासात कानात फोमचे बोळे घाला, हॉर्न त्यातूनही ऐकू येतो.

प्रश्न : पाच वर्षांची वापरलेली गाडी बघायला जातोय. पाच मिनिटांत काय तपासू?

उत्तर : पाच मिनिटं कमी आहेत, पंधरा मागून घ्या. पोचल्याबरोबर इंजिनजवळ हात न्या. गरम असेल तर आधी सुरू करून ठेवली आहे, थंड होईस्तोवर थांबा, कारण सुरू होण्याची कटकट आणि टायमिंग चेनची खडखड थंड इंजिनातच कळते. पुढचं चाक जमिनीवरून उचलून हँडल एका बोटाने हळू फिरवा. अगदी मध्यावर खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर हँडलच्या मुळाची बेअरिंग गेली आहेत. फोर्कच्या नळ्यांवर बोट फिरवून तेलाचा थर आहे का बघा. मागचं चाक धरून आडवं हलवा, टकटक आली तर स्विंगआर्मचे बुश. हँडलच्या मुळाशी फ्रेमच्या जोडावर रंगाच्या भेगा किंवा नवा रंग दिसला तर ती गाडी सोडून द्या. इंजिन आणि चासी नंबर कागदांशी स्वतः जुळवा. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर घाबरू नका, रोज दोन-तीन किलोमीटरच चाललेल्या गाडीत पाण्याची वाफ साचून तशी साय येते. मात्र लिक्विड-कूल्ड गाडीत कूलंटची पातळीही खाली असेल तर गॅस्केट संशयित.

घेतल्यावर तेल बदलताना डब्यावर जासो (मोटरसायकलच्या तेलाचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा. कारसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, तो सटकायला लागतो आणि चढावर आरपीएम वाढतो, गाडी वाढत नाही. ब्रेकचं तेल मागच्या मालकाने कधी बदललं हे सांगता येत नसेल तर तेही लगेच बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि लांब घाट उतरताना उकळून लिव्हर हँडलला टेकते.